जगावेगळी घरं फोटोत बघायला छान, पण रोज राहायला कशी?

उंबरठा

रॉटरडॅममधली घनाकृती घरं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी फोटोत पाहिली असतील. पिवळे ठोकळे एका कोपऱ्यावर तोलून उभे केलेत आणि खाली खांब. वास्तुरचनाकार पीट ब्लोम, काम पूर्ण झालं १९८४ मध्ये. एकेक घर म्हणजे एक झाड आणि सगळी मिळून रान, अशी त्यांची कल्पना होती.

त्यातलं एक घर लोकांना बघायला खुलं ठेवलंय. गेल्या महिन्यात तिथे जाऊन आले. अरुंद जिन्याने वर पोचले, जरा दम खायला भिंतीला टेकायला गेले, तर भिंत हाताला लागेचना! खालच्या मजल्यावर भिंती वर जाताना बाहेर कलतात, त्यामुळे खिडकीतून समोरचं काही दिसत नाही, थेट खालचा रस्ता दिसतो. वरच्या मजल्यावर उलटं, तिथे भिंती डोक्यावर येतात. मजल्यांचं क्षेत्रफळ मिळून सुमारे १०० चौरस मीटर, पण या कोनांमुळे त्यातला चौथा हिस्सा वापरताच येत नाही म्हणे.

मला ते घर फार आवडलं. पण बाहेर पडल्यापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. अशा घरात केर कसा काढत असतील? कपडे कुठे वाळत घालत असतील? गुडघे दुखणाऱ्या माणसाने काय करायचं?

तुमच्यापैकी कुणी जगात कुठेही अशा वेगळ्या घरात राहिलं असेल, निदान एक रात्र काढली असेल, तर लिहा. फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मला राहण्याबद्दल ऐकायचंय.

चांदणचुरा

वरच्या मजल्यावर कॅलेंडर टांगलं तर ते भिंतीला सोडून हवेतच लोंबकळत राहणार. तारीख बघायला त्याच्या भोवती फिरून यायचं :)

गवंडीबुवा

उंबरठाताई, प्रश्न आवडला. बांधकामावर पंचवीस वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गवंड्याकडे दोन गोष्टी कायम असतात, ओळंबा आणि गुण्या. भिंत ओळंब्यात आणि कोपरा काटकोनात. ही सक्ती कुणी हौसेने केलेली नाही. कपाट, पलंग, दार, लादी, सगळं काटकोनात बनतं, म्हणून घरही काटकोनात. घर तिरकं केलंत की प्रत्येक वस्तू सुताराकडून मापाने करून घ्यावी लागते, आणि पुढच्या भाडेकरूला तिचा काही उपयोग नसतो.

पण जगात अशी कितीतरी घरं आहेत जी आपल्याला विचित्र दिसतात आणि राहणाऱ्याला त्यात काहीच वेगळं वाटत नाही. चीनमध्ये लोएसच्या, म्हणजे वाऱ्याने साचलेल्या बारीक मातीच्या पठारावर कड्यात कोरलेली याओडोंग घरं घ्या. ती माती उभी कापली तरी तशीच राहते, वर कमान ठेवली की छताला लाकूड लागत नाही. आणि त्या भागात लाकडाचीच वानवा. थंडीत ऊब, उन्हाळ्यात गारवा. आजही कोट्यवधी लोक अशा घरांत राहतात. कुणी कल्पना लढवली म्हणून ती घरं झालेली नाहीत. हाताशी जे होतं त्यातून झाली.

माझं मत स्पष्ट आहे. गरजेतून आलेलं वेगळं घर टिकतं, कागदावर सुचलेलं वेगळं घर राहणाऱ्याला छळतं.

पाऊलवाट

गवंडीबुवा, तुमचं वाचून कूबर पेडी आठवलं.

दक्षिण ऑस्ट्रेलियातलं ओपल खाणींचं गाव. १९१५ मध्ये तिथे ओपल सापडला. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, सावलीला झाड नाही, म्हणून खाणकामगार आपण खोदलेल्या बोगद्यांतच राहायला लागले. आजही गावातले जवळजवळ निम्मे लोक जमिनीखाली राहतात. मी दोन रात्री राहिलो.

दार टेकडीच्या पोटात. आत शिरताच उन्हाचा भपका तुटतो, अगदी कुणी पाठीमागे झडप लावल्यासारखा. आत वर्षभर २३ ते २५ अंश. भिंती गुलाबी-पांढऱ्या, खोदकामाच्या यंत्राच्या दातांचे गोल ओरखडे तसेच ठेवलेले. त्यावरून हात फिरवला तर धूळ लागत नाही, कारण वर पारदर्शक लेप दिलेला असतो. फळी कुठेच नाही. पुस्तकं ठेवायची तर कोनाडा कोरायचा. हवेसाठी छतातून नळकांडं थेट जमिनीवर काढलेलं. बाहेर टेकडीवर चालताना पायाखाली अशी नळकांडी उगवलेली दिसली की समजायचं, आपण कुणाच्या तरी झोपायच्या खोलीवर उभे आहोत.

रात्री दिवा मालवला आणि खरं सांगतो, डोळे उघडे आहेत की मिटलेले तेच कळेना. आवाज शून्य. पहिल्या रात्री घाबरून दोनदा दिवा लावला. दुसऱ्या रात्री आयुष्यात झोपलो नव्हतो इतका गाढ झोपलो. सकाळ झाली हे घड्याळ बघूनच कळलं.

यजमान बाई तिथेच वाढलेल्या. "खोली कमी पडली तर?" असं विचारलं, तर म्हणाल्या, खणायची. आणि खणताना ओपल लागला तर खर्च निघतो.

मोरपीस

@पाऊलवाट, "कुणाच्या तरी झोपायच्या खोलीवर उभे आहोत" हे वाचून अंगावर काटा आला. धागा वाचनखुणेत साठवला.

दगडफूल

गवंडीबुवा, अर्धंच सांगितलंत. याओडोंगचं कौतुक करताना १५५६ सालचा शान्शीचा भूकंप विसरून कसं चालेल? चिनी नोंदींप्रमाणे सुमारे ८,३०,००० माणसं गेली. एवढा संहार होण्याचं एक मोठं कारण हीच घरं. जी माती उभी कापता येते ती हादऱ्याने तशीच उभी कोसळते, आणि माणसं झोपेत गाडली जातात. गरजेतून आलेलं घर शहाणंच असतं असं नाही. ते गरिबाचंही असतं.

दुसरं उदाहरण इटलीतल्या मातेरा गावाचं. तिथल्या सास्सी म्हणजे दगडात कोरलेल्या गुहाघरांची वस्ती. एकेका खोलीत आख्खं कुटुंब, सोबत जनावरं, ओल, हिवताप. त्याला 'देशाची लाज' म्हटलं गेलं आणि १९५२ मध्ये कायदा करून सुमारे १५,००० लोकांना तिथून हलवलं. मग १९९३ मध्ये तीच वस्ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. आता त्या गुहांत हॉटेलं आहेत, मंद दिवे लावून पाहुणे झोपतात.

मी गेले होते. एका गुहेत जुना संसार मांडून ठेवलाय. पलंग खूप उंच. का, तर खाली कोंबड्या. पलंगापासून चार पावलांवर खेचराची गव्हाण. बाहेर आल्यावर मला फोटो काढावासा वाटला नाही.

गवंडीबुवा

दगडफूलताई, बरोबर बोललात. भूकंपाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नाही, आणि माझ्या धंद्यातल्या माणसाने तो आधी मांडायला हवा होता. टिकतं म्हणालो ते मागे घेतो. हवेला जुळतं एवढंच म्हणतो.

शिंपलाई

मी कागदावर सुचलेल्या घरांच्या बाजूने.

व्हिएन्नामधलं हुंडरटवासरहाउस १९८५ मध्ये पूर्ण झालं. ही नगरपालिकेची भाड्याची घरं आहेत, श्रीमंतांचा बंगला नाही. हुंडरटवासर मुळात चित्रकार. सरळ रेषेवर त्याचा राग होता. म्हणून एक खिडकी दुसरीसारखी नाही, मार्गिकांमधली जमीनसुद्धा उंचसखल. गच्च्यांवर झाडं, आणि त्यांना तो भाडेकरूच म्हणायचा.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचा 'खिडकीचा हक्क'. भाडेकरूने खिडकीतून बाहेर वाकावं आणि हात पोचेल तेवढी बाहेरची भिंत हवी तशी रंगवावी. सारख्या खिडक्यांच्या सारख्या इमारतीत लांबून कुणालाही दिसावं की इथे एक वेगळा माणूस राहतो. मी भाड्याच्या घरात खिळा ठोकायचीही परवानगी मागत आयुष्य काढलं. हे वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं.

नकाशे

शिंपलाई, तो हक्क छानच. पण कल्पनेच्या बाजूने बोलायचं तर गळतीचाही हिशोब द्यावा लागेल.

फ्रँक लॉइड राइटचं फॉलिंगवॉटर, पेनसिल्व्हेनियातलं धबधब्यावरचं घर. जगातल्या सर्वांत देखण्या घरांत त्याची गणना होते, मलाही तसंच वाटतं. पण छतं गळायची, आणि अधांतरी काढलेले सज्जे पहिल्यापासून वाकत गेले. शेवटी २००२ मध्ये आतून पोलादी तारा ओढून ते सावरावे लागले. पॅरिसजवळच्या व्हिला साव्हॉयचं तेच. १९३१ मध्ये बांधून झालं, सपाट छत, आणि मालकीणबाई वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिएला पावसाच्या तक्रारींची पत्रं लिहीत राहिल्या. मीस व्हान डर रोहेचं फार्न्सवर्थ हाउस तर चारी बाजूंनी काचेचं. नदीकाठी आहे म्हणून जमिनीपासून दीडेक मीटर उचललं, तरी १९५४ मध्ये पुराचं पाणी आत आलंच. पुढे १९९६ आणि २००८ मध्येही आलं.

घरात बादली ठेवून ठिबकणारं पाणी झेलायचं आणि पाहुण्यांनी तेवढ्यात म्हणायचं, काय सुंदर घर आहे हो तुमचं! त्या बाईंचं दुःख मला कळतं.

चांदणचुरा

काचेच्या घरात कपडे कुठे बदलायचे?

नकाशे

@चांदणचुरा, मधोमध लाकडी गाभा आहे, न्हाणीघरं त्यात. बाकी सगळं उघडं. मालकीण डॉक्टर होत्या, एकट्या राहायच्या, बघायला येणाऱ्यांना कंटाळल्या होत्या.

असंच पोर्तुगालमधल्या काझा दु पेनेदुबद्दल. चार अजस्र दगडांच्या मध्ये छप्पर घालून केलेलं घर, १९७४ चं. कुटुंबाने सुट्टीत निवांत राहायला बांधलं आणि निवांतपणाच गेला, कारण खिडकीला डोकं लावून बघणाऱ्यांची रांग.

रानजाई

थोडं अवांतर. लाकडी मचाणावरच्या घरांचे फोटो फिरतात ना, पापुआमधल्या कोरोवाई लोकांचे, झाडाच्या शेंड्यावरचे? बीबीसीच्या २०११ च्या एका मालिकेत तसं उंच घर बांधताना दाखवलं होतं. २०१८ मध्ये त्यांनीच कबूल केलं की ते घर चित्रीकरणासाठी बांधून घेतलं होतं, त्यात कुणी राहत नव्हतं. कोरोवाईंची नेहमीची घरं त्याहून पुष्कळ कमी उंचीवर असतात.

वाईट याचंच वाटतं की त्यांचं खरं घरही बघण्यासारखं आहे. ते कमी पडलं कुणाला?

उंबरठा

रानजाई, अवांतर कुठे? धाग्याचा विषयच हा आहे. बघणाऱ्यासाठी घर की राहणाऱ्यासाठी.

माचीवरचा

टोकियोतल्या नाकागिन कॅप्सूल टॉवरबद्दल कुणी बोललं नाही अजून. किशो कुरोकावाची रचना, १९७२. काँक्रीटचे दोन मनोरे आणि त्यांना बोल्टने जोडलेल्या १४० पेट्या. एक पेटी म्हणजे एक घर, जेमतेम १० चौरस मीटर. गोल खिडकी, भिंतीतच बसवलेला टीव्ही नि घड्याळ, कोपऱ्यात विमानात असतं तसं न्हाणीघर. कल्पना अशी की दर २५ वर्षांनी जुनी पेटी काढायची आणि नवी लावायची. इमारत झाडासारखी पानं बदलत राहील.

एकही पेटी कधी बदलली नाही. खालची काढायची तर वरच्या आधी उतरवाव्या लागणार, खर्च अफाट, मालक अनेक. शेवटी गरम पाणीसुद्धा बंद पडलं होतं. २०२२ मध्ये ती पाडली.

पण गंमत ऐका. शेवटच्या वर्षांत तिथे हट्टाने राहणारे लोक होते. पेट्या विकत घेऊन त्यांनी दुरुस्त केल्या, इमारत पाडू नये म्हणून धडपडले, आणि पाडल्यावरही काही पेट्या वाचवल्या. त्यातल्या काही आता संग्रहालयांत आहेत. गळक्या, थंड, दहा चौरस मीटरच्या खोलीवर माणसं इतका जीव लावतात, तेव्हा 'कागदावरची कल्पना राहणाऱ्याला छळते' एवढं म्हणून मला पुढे जाता येत नाही, गवंडीबुवा.

गवंडीबुवा

माचीवरचा, वाचलं. दोनदा वाचलं. बोल्ट काढण्याची सोय वरच्यांवर अवलंबून ठेवली ती चूक मोठीच. पण तुमचं म्हणणं पोचलं.

सुगरण७

+१ माचीवरचा. छोट्या घराचा विषय निघालाच आहे तर वॉर्सामधलं केरेट हाउस. दोन इमारतींच्या फटीत, २०१२ मध्ये बांधलं. सर्वांत अरुंद जागी ९२ सेंटिमीटर! पोलंडच्या नियमांत घर म्हणून बसेना, मग कलाकृती म्हणून नोंद केली. वरच्या मजल्यावर शिडीने जायचं. दोन्ही हात पसरता येत नाहीत अशा घरात लेखक येऊन राहतात आणि लिहितात.

मोरपीस

दोघांचं भांडण झालं तर पाठ फिरवायलाही जागा नाही. भांडण लवकर मिटत असेल :)

ओसरी

आता जरा मोठ्या घराकडे चला, शेकडो माणसांच्या.

चीनच्या फूजियान प्रांतातले तुलौ. मातीच्या प्रचंड गोल गढ्या, आत मोकळं अंगण, बाहेर जायला बहुधा एकच दार. २००८ मध्ये अशा ४६ वास्तू जागतिक वारसा यादीत आल्या. चेंगचीलौ नावाच्या तुलौत एकात एक अशी चार वर्तुळं आहेत. भिंती मातीच्या, ठोकून ठोकून घट्ट केलेल्या, आत बांबूच्या पट्ट्या. तळाशी भिंत दीड-दोन मीटर जाड. खालच्या मजल्यांना बाहेरच्या बाजूने खिडकीच नाही, कारण लुटारूंची भीती.

मला थक्क केलं ते वाटणीने. घर मजल्यांप्रमाणे वाटलेलं नाही, उभं वाटलेलं आहे. प्रत्येक कुटुंबाला एक उभी फोड. तळाला चूल, वर धान्य, त्याच्या वर झोपायच्या खोल्या. त्यामुळे सगळ्यांच्या खोल्या सारख्याच, कुणाला वाड्याची दर्शनी बाजू नाही, कुणाला मागची नाही. गोलाला कोपरा नसतो ना.

मी एका तुलौत दुपारभर बसले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी कठड्यावरून खाली हाक मारली, अंगणातून उत्तर गेलं, पलीकडच्या बाजूने तिसरीने त्यात भर घातली. कुणी जागचं उठलं नाही. मात्र तरुण माणसं फार दिसली नाहीत, बऱ्याच खोल्यांना कुलपं होती. शौचालय बाहेर, रात्री तीन मजले उतरून जायचं. आजींना ते आता झेपत नाही, असं सोबतच्या मुलीने सांगितलं.

दगडफूल

ओसरी, शेवटचं वाक्य महत्त्वाचं. उंबरठाताईंच्या गुडघ्याच्या प्रश्नाचं हे पहिलं खरं उत्तर.

भीतीतून झालेल्या घरांत बेनिनमधलं गान्व्हिएही येईल. नोकुए सरोवरात खांबांवर उभं असलेलं आख्खं गाव. शेजारच्या दाहोमे राज्याचे सैनिक गुलाम पकडायला यायचे, पण त्यांच्या धर्मात पाण्यात उतरून हल्ला करायला मनाई होती, म्हणून तोफिनू लोकांनी पाण्यातच घरं बांधली. आजही तिथे बाजार होड्यांवर भरतो. वासे पाण्यात कुजतात, ते बदलत राहायचं.

रानजाई

कुजण्यावरून, टिटिकाका सरोवरातले उरोस लोक तर जमीनच बदलत राहतात. तोतोरा नावाच्या लव्हाळ्याचं बेट, त्यावर लव्हाळ्याचंच घर. तळ कुजत जातो, वरून नवे थर घालायचे. चालताना पाय मऊ दबतो. आमच्या नावाड्याने सांगितलं, शेजाऱ्यांशी पटेना झालं तर बेटाचा आपला तुकडा करवतीने कापून वेगळं व्हायचं!

चांदणचुरा

वाटणीचा याहून सोपा मार्ग ऐकला नाही.

हातोडी

बरेच दिवस नुसता वाचत होतो, पहिल्यांदाच लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी न्यू मेक्सिकोत अर्थशिपच्या बांधकामावर तीन आठवडे स्वयंसेवक म्हणून काम केलं. १९७० च्या दशकात मायकल रेनल्ड्स या वास्तुरचनाकाराने हा प्रकार सुरू केला. जुने टायर विटांसारखे रचायचे आणि प्रत्येकात माती ठोकून भरायची. दक्षिणेकडे काचेची भिंत, मागच्या बाजूला मातीचा भराव. दिवसाचं ऊन जाड भिंती साठवतात, रात्री परत देतात. पावसाचं पाणी छतावरून टाकीत, तेच अनेकदा वापरायचं.

ऐकायला सोपं आहे. एका टायरला तीन-चार घमेली माती लागते असं वाटून मी सुरुवात केली. घणाने ठोकत गेलं की माती नुसती गायब होते. पहिला टायर भरायला मला पाऊण तास लागला, तळहाताला फोड आले. भरलेला टायर हलत नाही, जिथे भरला तिथेच राहतो. तिसऱ्या आठवड्यात पंधरा मिनिटांवर आलो. तेवढ्यात आमची भिंत कमरेएवढी झाली होती.

मालकीण साठीच्या. रोज आमच्यासोबत माती भरायच्या. बाटल्यांच्या भिंतीत कुठली बाटली कुठे, हे त्यांनी ठरवलेलं होतं. सकाळचं ऊन निळ्या बाटल्यांतून जिथे पडणार तिथे त्यांना पलंग हवा होता. ते घर गरजेचं की कल्पनेचं, मला सांगता येणार नाही. त्या बाईंना वीज-पाण्याचं बिल नको होतं आणि उशीवर निळा उजेडही हवा होता.

शिंपलाई

हातोडी, स्वागत. आणि लिहीत राहा हो!

उंबरठा

केवढं काय काय मिळालं. पण माझ्या केराच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही :)

घडीव

मी लावतो. त्या रॉटरडॅमच्या वस्तीतच मोठ्या ठोकळ्यात हॉस्टेल आहे, तिथे चार रात्री राहिलोय.

ताई, खालच्या मजल्यावर काही अडचण नाही. भिंत बाहेर कलते, त्यामुळे जमीन आणि भिंत यांच्यात कोन मोठा, झाडू सरळ कडेपर्यंत जातो. घोळ वरच्या मजल्यावर. तिथे भिंत आत झुकते, जमिनीशी साधारण ५५ अंशांचा कोन होतो, आणि त्या चिमटीत झाडूचा दांडा आडवा येतो. आमच्या खोलीत साफसफाईला येणारे काका उभ्याने खोली झाडायचे, मग गुडघ्यावर बसून हातभर लांबीचा ब्रश त्या फटीत घालून कडेकडेने सरकत जायचे. तिन्ही बाजू. आम्ही पलंगावर पाय वर घेऊन बसायचो.

मी विचारलं, कंटाळा नाही येत? ते म्हणाले, लहान मुलांचे चेंडू, कानातले, पेन, सगळं घरंगळत तिथेच जातं, इथे काही हरवत नाही. आणि खिशातून माझं दोन दिवसांपूर्वी हरवलेलं पेन काढून दिलं.

चांदणचुरा

घडीव, आणि कपडे कुठे वाळत घालत होतात?

घडीव

खिडकीच्या कडीला दोरी बांधून. भिंत आत झुकलेली, त्यामुळे कपडे भिंतीला लागत नाहीत, मोकळे लोंबतात. दुपारपर्यंत कडकडीत वाळायचे.